मामीच्या खात्यावर

थोड्या पैशांत सुट्टी मजेत कशी घालवावी याविषयी सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. उन्हाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या त्याच त्या सूचना छापतात; कचेरीतला अनुभवी सहकारी डबा खाता खाता त्याच सांगतो; आणि लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलेला, नुकताच चारधाम करून आलेला गृहस्थही, आपण विचारलेले नसताना, त्याच ऐकवतो. तिकिटे आधी काढा, हंगाम टाळा, खाण्याचे बरोबर घ्या, आणि मग, एखादे गुपित फोडावे तसा आवाज जरासा खाली आणून, "शक्यतो नातेवाइकांकडेच उतरा. राहण्याजेवणाचा खर्च वाचतो."

या शेवटच्या सल्ल्याशी माझे भांडण आहे, आणि ते जाहीरपणे मांडावयाचे म्हणूनच आज लेखणी उचलली आहे. बाकीच्या सूचना निरुपद्रवी आहेत. ही मात्र आपण इतकी वर्षे शहाणपण म्हणून एकमेकांना देत आलो आहोत, की तिच्यापायी कोणाच्या तरी पदराला खार लागतो हे आपल्याला दिसेनासेच झाले आहे.

खर्च वाचतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. नवरा, बायको आणि दोन मुले अशी चार माणसे आठ दिवस एखाद्या घरी उतरली, तर ती जेवतात. दोन वेळच्या जेवणाची आठ दिवसांत चौसष्ट पाने होतात. सकाळचा फराळ, चहा, दुपारी आंब्यांवर पडणारा हात आणि रात्री मुलांना आठवणारी भूक हे सगळे मी सोडून देते. साध्या खानावळीतली थाळी दीडशे रुपयांची धरली, तर चौसष्ट थाळ्यांचे नऊ हजार सहाशे रुपये झाले. म्हणजे "यंदा फार स्वस्तात फिरून आलो" असे जो गृहस्थ सांगतो, त्याला कोणीतरी नऊ हजार सहाशे रुपये दिलेले असतात. काही धान्याच्या रूपाने दिलेले असतात, आणि उरलेले पहाटे साडेपाचला उठून. ते देणाऱ्याचे नाव तो सांगत नाही, कारण आपल्याला काही मिळाले हेच त्याला ठाऊक नसते.

माझे गणित मॅट्रिकपर्यंतचेच आहे, पण वजाबाकी मी गेली कित्येक वर्षे मुलांना शिकवते आहे. वरचा आकडा पुरेना की शेजारच्या घरातून दशक उसना घ्यावा, आणि घेतला की तिथला आकडा एकाने कमी झाला हे विसरू नये. तिसरीतले पोरही हे विसरत नाही. विसरतात ते सुट्टीचे अंदाजपत्रक करणारे कुटुंबप्रमुख.

आता कोणी म्हणेल की ही मास्तरीण मामाच्या गावावर घसरली. घसरलेच आहे! मामाच्या गावाचे गोडवे आपल्या साहित्याने इतके गायले आहेत, की एका बाईने थोडे घसरल्याने त्याचे काही बिघडत नाही. दिवाळी अंक उघडावा, तर कोठेना कोठे ती विहीर असते, तो गोठा असतो, आढीतल्या आंब्यांचा वास असतो आणि अंगणात चांदण्याखाली घातलेली अंथरुणे असतात. हे सारे खरे आहे; मीही त्या अंथरुणांवर लोळले आहे. पण त्या लेखांतून मामी कोठे दिसते? मामा गोष्टी सांगतो, आजोबा शेतावर नेतात, आजी लाड करते. मामीचे दर्शन घडते ते बहुधा तव्याच्या पलीकडे. मामाच्या गावाला आगगाडीने निघालेल्या मुलांचे गदिमांचे गाणे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराने म्हटले आहे. त्यातही मामीची जी ओळख करून दिली आहे ती तिच्या हाताच्या चवीवरून. कवीने जसे पाहिले तसे लिहिले. आपणही तसेच पाहिले, आणि कधी वळून विचारले नाही, की ही बाई स्वतःच्या सुट्टीत कोठे जाते.

ती जाते तिच्या माहेरी. निदान जावयाचे असते. पण मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन आलेली असते. नणंदेला माहेरपण मिळाले पाहिजे. वर्षभर सासरी राबून ती दमलेली आहे, तिच्या हातात वाटी देऊन तिला झोपाळ्यावर बसविले पाहिजे, यात काही चूक नाही. चूक एवढीच, की तिने झोपाळ्यावर बसावे म्हणून भावजयीने चुलीपुढून उठावयाचे नसते. नणंद गेली की मग भावजय मोकळी. तोवर जून उजाडतो, पावसाची चिन्हे दिसू लागतात, वह्यापुस्तकांची खरेदी निघते, आणि महिन्याभराच्या माहेरपणाचे चार दिवस उरतात. त्या चार दिवसांत तिच्या माहेरची भावजय तिला वाटी आणून देते, आणि ही केव्हा जाते याची मनातल्या मनात वाट पाहते. मायेची म्हणून जी साखळी आपण मिरवतो तिची रचना ही अशी आहे. एका बाईची विश्रांती दुसऱ्या बाईच्या कमरेवर उभी असते आणि पुरुषमंडळी ओसरीवर पानाचा डबा पुढे ओढून नात्यागोत्याच्या ओलाव्याविषयी बोलत असतात.

शाळा उघडली की मराठीच्या तासाला सुट्टीवर निबंध घालण्याची जुनी चाल आहे. बरीच मुले ठरलेलेच लिहितात. जी कोठे गेलेली नसतात ती मार्गदर्शक पुस्तकातले महाबळेश्वर उतरवून काढतात. तेथील हवा थंड व आल्हाददायक असते. एका वर्षी मात्र सहावीतल्या एका मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. आमच्याकडे सुट्टीत पाहुणे आले. एकूण अकरा होते. खूप मजा आली. ते गेल्यावर आई दोन दिवस झोपून होती. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मला त्या वर्षी त्या वर्गात आलेल्या निबंधांत एवढाच खरा वाटला.

जुन्या काळाविषयी अन्याय मात्र करू नये. जेव्हा घरात तीन जावा असत, हाताखाली कळत्या मुली असत, धान्य शेतातले आणि दूध गोठ्यातले असे, तेव्हा आठ माणसे वाढली तरी रोख पैसा फारसा जात नसे आणि काम चार हातांत वाटले जाई. दमणूक होतीच, पण ती एकटीची नव्हती. आज मामा नाशिकला किंवा सोलापूरला दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो; धान्य दुकानातून येते, दूध पिशवीतून येते, आणि मामी नोकरीला जाते. तिची रजा मोजकी. ती रजा तिने कशासाठी राखून ठेवली असेल याचा विचार न करता आपण तिला दूरध्वनी करतो, "वहिनी, आम्ही रविवारी पोचतो हं. काही विशेष करू नका, साधा वरणभात चालेल!" साधा वरणभात म्हणे. साध्या वरणभातालाही कुकर लावावा लागतो, आणि तो कोणीतरी घासावाही लागतो.

सरकारने 2024 साली देशभर माणसांच्या वेळेची मोजदाद केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटे जातात असे तीत आढळले, म्हणजे पाच तासांना अकरा मिनिटे कमी. पुरुषांची 88 मिनिटे. आणि तीही सगळ्या पुरुषांची नव्हेत, जे काही थोडेबहुत करतात त्यांच्यापुरती. हा झाला बारमाही हिशेब. पाहुणे आले की घड्याळाचे काटे कोठे जातात ते ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

नातेवाइकांचे घर नको, तर शहाण्यांचा दुसरा सल्ला तयार असतो. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या. भाजी तिथल्या बाजारातून आणा, चूल आपली आपण पेटवा, खर्च निम्म्यावर येतो. येत असेलही. पण चूल "आपली आपण" पेटवणारा तो आपण कोण? समुद्र पाहावयास म्हणून आलेली बाई तेथेही कांदा चिरीत बसते आणि खिडकीतून समुद्र बघते. घरी निदान तिला मिठाचा डबा कोठे आहे हे ठाऊक असते. असल्या सहलीहून परतलेल्या माझ्या एका मैत्रिणीने मला सांगितले, "ओटा तेवढा बदलला गं!"

आणि तिसरी एक बचत आहे, जिच्याविषयी कोणी लिहीत नाही. दहा दिवस घर बंद राहणार म्हणून धुण्याभांड्याच्या बाईचे दहा दिवसांचे पैसे कापावयाचे. "काम नाही तर दाम कसले?" हे आपण म्हणतो, जे स्वतः भरपगारी रजेवर चाललेलो असतो. त्या पैशांत फार तर मुलांची उसाच्या रसाची हौस भागते. तिच्या घरी मात्र तेवढ्याने महिन्याचा किराणा अडतो.

भरपगारी रजा ही काही आकाशातून पडलेली नाही. फ्रान्समध्ये 1936 साली ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि लिओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रजेवर जाणाऱ्यांसाठी रेल्वेच्या भाड्यात 40 टक्के सवलत मिळवून दिली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी माणसे त्या उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन किनाऱ्यावर गेली. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा लिहून दिली. या सगळ्या कायद्यांना एक गोष्ट लागते. हजेरीपटावर नाव लागते. मामीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. भांडी घासणाऱ्या बाईचेही नाही. म्हणूनच आपली स्वस्त सुट्टी त्यांच्या खात्यावर मांडणे इतके सोपे जाते.

मग काय सहलकंपनीचा रस्ता धरावयाचा? तिची जन्मकथा खरे पाहता मोठी गोड आहे. इंग्लंडात 5 जुलै 1841 रोजी टॉमस कुक नावाच्या दारूबंदीच्या प्रचारकाने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक खास आगगाडी ठरविली. सुमारे पाचशे माणसे, माणशी एक शिलिंग. कष्टकरी माणसाने दारूच्या गुत्त्याऐवजी एक दिवस मोकळ्या हवेत काढावा एवढाच हेतू. त्या एका शिलिंगाच्या सहलीचे वंशज आज आपल्याला सात दिवसांत नऊ ठिकाणे दाखवितात, आणि खिशात पैसे नसतील तर हप्ते बांधून देतात. हप्ते फिटतात न फिटतात तोच पुढची सुट्टी येते. कर्ज काढून लग्न करणाऱ्याला आपण नावे ठेवीत होतो; कर्ज काढून बर्फात उभे राहिलेल्या माणसाचे छायाचित्र मात्र आपण कौतुकाने पाहतो. ज्यांना परवडते त्यांनी खुशाल जावे, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझे बोलणे ज्यांचा पगार वीस तारखेला संपतो त्यांच्याशी आहे.

त्यांनी सुट्टीचे अंदाजपत्रक उलट्या बाजूने मांडावे. आपण आधी दिवस ठरवितो, आठ किंवा दहा, आणि मग पैसे पुरेनात म्हणून जेवणावर घसरतो. त्याऐवजी जेवण आधी मांडावे. चौघांनी चार दिवस दोन्ही वेळ खानावळीत जेवावयाचे, बत्तीस थाळ्या, चार हजार आठशे रुपये. हा आकडा पहिल्या ओळीवर लिहावा आणि त्याला हात लावू नये. उरलेल्यात खोली बसते का पाहावे. बसत नसेल तर चाराचे तीन दिवस करावेत, पण थाळी खोडू नये. तीन दिवस कोणीच न राबता काढलेली सुट्टी दहा दिवसांच्या ओट्यापेक्षा मोठी असते, हे घरातल्या बाईला विचारले तर ती सांगेल. विचारण्याची पद्धत नाही ही गोष्ट वेगळी.

प्रवासखर्चाला तर एस.टी.सारखा आधार नाही. पुणे-अहमदनगर रस्त्यावर 1 जून 1948 रोजी पहिली गाडी धावली तेव्हापासून गरिबाचा हा घोडा धावतो आहे, आणि आज चारचाकी दारात उभी करण्यासाठी जे कर्जात बुडाले आहेत तेच त्याला नाके मुरडतात. मार्च 2023 पासून बायकांना एस.टी.त निम्मे भाडे पडते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. म्हणजे नवरा-बायको आणि दोन लहान मुले या चौघांची मिळून तिकिटे लागतात अडीच! घरातल्या आजीने पंचाहत्तरी ओलांडली असेल तर ती फुकट. ऑगस्ट 2022 पासून ती सवलत आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढून आवडेल तेथे हिंडण्याचीही योजना महामंडळाने वर्षानुवर्षे चालविली आहे. ज्या राज्यात कुटुंबाची अडीच तिकिटे होतात तिथे प्रवास परवडत नाही असे म्हणू नये. परवडत नाही ती ऐट.

हंगाम टाळावा, हा सल्ला आम्हा शिक्षकांना आणि मुले शाळेत असलेल्यांना निरुपयोगी आहे. मुलांची सुट्टी हाच हंगाम. तेव्हा हंगाम टाळता येत नसेल तर ठिकाण टाळावे. उन्हाळा आला की डोंगरावर चढावे ही चाल मुळात साहेबाची. 1827 ते 1830 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या माल्कमने महाबळेश्वरला गोऱ्यांची वसाहत थाटली, आणि साहेब गेला तरी आपण त्याच्या पायवाटेने दाटीवाटीने वर चढतो आहोत. पुण्याकडून जाणाऱ्या बहुतेक गाड्या वाईवरून जातात. वाईच्या स्थानकात पाच मिनिटे थांबतात, उतारू खिडकीतून पाण्याची बाटली घेतात, आणि गाडी पसरणीचा घाट चढू लागते. वाईला राहावयाचे असते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणूनच वाईला राहावे.

कृष्णेचा घाट उंबऱ्याशी आहे. रास्त्यांनी 1762 साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची घडविली आहे. ही भिंत मुलांना दाखवून पाण्याचा जोर आणि भिंतीचा कोन यांविषयी जे सांगता येते ते मला वर्गात फळ्यावर कधी सांगता आले नाही. तीनएक किलोमीटरांवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. तिथे टांगलेली मोठी घंटा वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली, अंगावर मेरी आणि बाळ येशू. मराठ्यांनी वसई घेतली 1739 साली, आणि तेव्हापासून ख्रिस्ताची आई कृष्णाकाठी सुखाने नांदते आहे. धोमला जावे, तेथे कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला, आणि त्याचा पहिला खंड 1976 साली बाहेर पडला. मे महिन्यात गेलात तर संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला असते. पाचगणी पाहण्याचा हट्ट असेल तर सकाळच्या एस.टी.ने घाट चढावा, पठारावर हुंदडावे आणि संध्याकाळी खाली उतरून निजावे. खोलीचे भाव घाटाबरोबरच चढतात आणि उतरतात.

वाईच कशाला? प्रत्येक जिल्ह्यात अशी एक वाई आहे, जिच्यावरून आपण दुसरीकडे जातो.

देवस्थानांच्या भक्तनिवासांचाही उपयोग करावा, भाविक असाल नसाल. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त तर महाराष्ट्राला परिचित आहे. यावर कोणी मला पेचात पकडू पाहील, की बाई, तिथली स्वस्ताई सुद्धा दुसऱ्याच्या श्रमावरच उभी आहे ना? आहे. पण शेगावचे सेवेकरी आपल्या मर्जीने येतात, पाळीपाळीने सेवा करतात, आणि पाळी संपली की घरी जातात. मामीची पाळी कधी संपते? आणि तिचे नाव सेवेत कोणी नोंदविले?

राहता राहिला मायेचा प्रश्न. नातेवाइकांकडे जाणे बंद केले तर मुलांना मामा-मावशी ठाऊक कसे होणार, असे विचारणारे मला भेटतात. बंद करा असे मी कोठे म्हटले? दोन दिवस जावे, हातात मिठाईचा पुडा न नेता आठवड्याचा बाजार न्यावा, आणि एका वेळचे जेवण सगळ्यांनी मिळून बाहेर घ्यावे. पैसे पाहुण्याने द्यावेत. त्याहून बरे म्हणजे मामीला आपल्याबरोबर चला म्हणावे. ती पहिल्यांदा नाही म्हणेल. मामाचे जेवणाचे कसे होईल, हे कारण सांगेल. मामाला घेऊन चला, किंवा मामाला डाळतांदूळ कोठे आहेत ते दाखवून चला.

धुण्याभांड्याच्या बाईचे पैसे निघण्यापूर्वीच हातावर ठेवावेत, म्हणजे परत आल्यावर हिशेब करण्याचा मोह होत नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचे काही दिवस उरलेले असतील. पाऊस सरलेला, कृष्णेला पाणी, हवेत गारवा आणि खानावळीत बाजरीची भाकरी. वाईला जाणाऱ्या गाड्या स्वारगेटहून सुटतात. घरचे पुरुष तक्रार करतील की खानावळीच्या आमटीत तिखट जास्त असते. त्यांनी दही मागून घ्यावे. स्टोव्ह बरोबर घेऊ नये.